रिकाम्या इमारतीत घुसून राहणं हा वेगळा, कडक गुन्हा ठरवावा का?

तुम्ही विचारलंय की इंग्लंडने २०१२ साली रिकाम्या घरात घुसून राहणं हा थेट तुरुंगवासाचा गुन्हा केला, मग आपल्याकडे तसा कायदा का होत नाही? कारणही दिलंय. तुम्ही नोकरीसाठी बाहेरगावी असता, पाथर्डी फाट्याजवळचा तुमचा फ्लॅट तीन वर्षं कुलूपबंद आहे. शेजारच्या अर्धवट राहिलेल्या इमारतीत काही मजूर कुटुंबं राहायला आल्यापासून तुमची झोप उडाली आहे आणि तुमची सोसायटी त्यांच्यावर गुन्हा दाखल करायच्या विचारात आहे.

मी नाशिकच्या कोर्टात दिवाणी बाजूला वकिली करते. ताब्याचे दावे हे माझं रोजचं काम, आणि त्यात मी भाडेकरूंपेक्षा घरमालकांच्या बाजूने जास्त वेळा उभी राहते. तरीही माझं उत्तर आहे: असा नवा गुन्हा नको. तुम्हाला ज्याची भीती वाटायला हवी तो माणूस या कायद्यात सापडणार नाही, आणि जो सापडेल त्याच्यापासून तुमच्या फ्लॅटला धोका नाही.

पहिली गोष्ट, आपल्याकडे हा गुन्हा आजही आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत ४४१ ते ४४८ या कलमांत होता, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मध्ये आहे. घरात केलेल्या अतिक्रमणाला एक वर्षापर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना कोर्टाच्या परवानगीवाचून तपास करता येतो. एक अट मात्र आहे. शिरणाऱ्याचा किंवा शिरून थांबणाऱ्याचा हेतू गुन्हा करण्याचा, किंवा ताबेदाराला धमकावण्याचा, अपमानित करण्याचा वा त्रास देण्याचा असावा लागतो. एखाद्याने तुमचं कुलूप तोडून आपलं लावलं तर हा हेतू दाखवणं फार अवघड नसतं.

मग लोक पोलीस ठाण्यातून हात हलवत परत का येतात? ‘हे दिवाणी स्वरूपाचं आहे, कोर्टात जा’ हे वाक्य माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पक्षकाराने ऐकलेलं असतं. त्यात टाळाटाळ असतेच, मी नाकारत नाही. पण समोरचा माणूस नोटरी केलेलं साठेखत काढतो, कुणाची तरी सही असलेली भाडेपावती काढतो, स्वतःच्या नावाचं वीजबिल दाखवतो. त्यातलं खरं कोणतं आणि खोटं कोणतं हे ठाणे अंमलदाराने उभ्या उभ्या ठरवावं असं तुम्हाला खरंच वाटतं का? ज्या दिवशी तो ते ठरवायला लागेल, त्या दिवशी ठाण्यात ज्याची ओळख जास्त त्याचं घर होईल.

आता नाशकात घरं जातात ती कशी, ते सांगते. अनोळखी माणसाने रात्री कुलूप फोडून संसार थाटला, असं प्रकरण फार क्वचित येतं. येतात ती ओळखीच्या माणसांची. अकरा महिन्यांच्या कराराने दिलेला फ्लॅट. करार नोंदवलेला नाही, मुदत संपून पाच वर्षं झाली, भाडं कधीच बंद झालंय आणि माणूस हलत नाही. वडिलांच्या नावावरचं घर. एक भाऊ राहतो, बाकीचे परगावी, आणि वडील गेल्यावर राहणारा भाऊ दार उघडत नाही. आडगाव किंवा मखमलाबादकडचा प्लॉट. राखायला ठेवलेल्या माणसाने आधी पत्र्याची खोली बांधली, मग मुलांची लग्नं तिथेच केली. आणि सगळ्यात वाईट, बनावट मुखत्यारपत्रावर झालेली विक्री, जिथे मालक परदेशात आणि खरेदीदार दारात पेढे घेऊन उभा.

या चौघांत एक गोष्ट समान आहे. प्रत्येकजण परवानगीने आत आलाय किंवा हातात कागद घेऊन आलाय. घुसला कुणीच नाही.

आणि म्हणूनच इंग्लंडचा कायदा नीट वाचायला हवा. २०१२ च्या त्या कायद्याचं कलम १४४, अंमल १ सप्टेंबर २०१२ पासून. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा त्या वेळी ५,००० पौंडांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लागू फक्त इंग्लंड आणि वेल्सला, आणि तेही फक्त राहत्या घरांच्या इमारतींना. दुकानं, कचेऱ्या, गोदामं त्यात नाहीत. आणि दुसऱ्याच पोटकलमात स्पष्ट लिहिलंय की भाडेकरार किंवा राहण्याच्या परवान्याची मुदत संपल्यावर जो जागा सोडत नाही, त्याला हा गुन्हा लागू नाही. म्हणजे तुमच्याआमच्याकडे ज्यामुळे माणसं वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढतात, नेमकं तेच त्या कायद्याने बाहेर ठेवलंय. तो कायदा जसाच्या तसा उचलून आणला तर वर सांगितलेल्या चौघांपैकी एकालाही हात लागणार नाही.

तिकडे वाद कसा झाला तेही पाहण्यासारखं आहे. सुट्टीवरून परतलेल्या कुटुंबाला आपल्याच घरात परकी माणसं दिसतात, अशा बातम्यांनी वातावरण तापलं होतं. पण त्या कुटुंबासाठी १९७७ सालचा फौजदारी कायदा आधीच होता: घरात राहणाऱ्याला कुणी बाहेर ठेवलं आणि सांगूनही निघाला नाही, तर तो तेव्हाही गुन्हाच होता. १६० वकिलांनी आणि कायद्याच्या अभ्यासकांनी २०११ मध्ये जाहीर पत्र लिहून हेच सांगितलं की मंत्री कायद्याची चुकीची माहिती देताहेत. सरकारने हरकती मागवल्या तेव्हा २,२०० हून अधिक उत्तरं आली, त्यातली बहुतेक नव्या गुन्ह्याच्या विरोधात. तरी कायदा झाला. नव्याने गुन्हेगार ठरले ते कुणीच राहत नसलेल्या घरात आसरा घेणारे. फेब्रुवारी २०१३ मध्ये केंटमध्ये एक बेघर माणूस कडाक्याच्या थंडीत एका रिकाम्या बंगल्याच्या दाराबाहेर मृतावस्थेत सापडला. त्याच्या मृत्यूला एकटा कायदा जबाबदार होता असं मी म्हणणार नाही. पण बंगला रिकामा होता आणि तो बाहेर होता, हे मला विसरता येत नाही.

‘इंग्लंडचं राहू द्या, गुजरातसारखा कायदा करा,’ असंही हल्ली ऐकू येतं. सुरगाण्याच्या पलीकडे गुजरात लागतो, तेव्हा हे उदाहरण आपल्याला लांबचं नाही. तिथे २०२० साली जमीन बळकावण्याविरुद्ध कायदा झाला. शिक्षा कमीत कमी दहा वर्षं, जास्तीत जास्त चौदा. तक्रार आधी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जाते, समितीने होकार दिला की गुन्हा दाखल होतो, आणि खटला विशेष न्यायालयात चालतो. भूमाफियांना धाक बसावा हा हेतू मला मान्य आहे. पण मुदत संपलेल्या भाडेकरूला किंवा वाटणीवरून भांडणाऱ्या भावाला दहा वर्षांची टांगती तलवार दाखवून तडजोड करायला लावणं हा न्याय होत नाही. ज्याच्या हातात तक्रार करण्याची ताकद आहे तो जिंकतो, खरा हक्क कुणाचा हे बाजूला राहतं. दिवाणी वाद फौजदारी करून लवकर संपवण्याची सवय लागली की ती दोन्ही बाजूंनी वापरली जाते. आज तुम्ही तक्रारदार असाल, उद्या बनावट खरेदीखतवाला तुमच्याचविरुद्ध तक्रारदार असेल, आणि तुम्हीच ‘बळकावणारे’ ठराल.

जुन्या नाशकातल्या वाड्यांबद्दल थोडं थांबून लिहायला हवं, कारण ‘रिकामी इमारत’ हे शब्द तिथे फार गुंतागुंतीचे होतात. भद्रकाली, सराफ बाजार, रविवार कारंजा, सोमवार पेठ या भागांत असे वाडे आहेत जे बाहेरून ओस दिसतात. दर पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. एखाद्या खोलीला कुलूप असतं. त्या खोलीचा भाडेकरू इंदिरानगरला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतो, पण कुलूप काढत नाही, कारण काढलं तर वाड्याच्या जागी उभ्या राहणाऱ्या इमारतीत आपला हक्क जाईल ही भीती. मालक डागडुजी करत नाही, कारण वाडा पडला की भाडेकरू सुटतील ही आशा. खरं तर दोघांचाही हिशेब चुकतो. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलंय. आणि सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने जागा वापरली नाही तर १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १६ खाली मालकाला ताबा मागता येतो. या गोष्टी दोघांना कुणी समजावून सांगत नाही. वाडा मात्र दर पावसाळ्यात आणखी खचतो आणि खालून जाणाऱ्या माणसाचा जीव धोक्यात असतो.

या वाड्यात उद्या एखादं कुटुंब येऊन राहिलं, तर घुसखोर कोण? कुलूप लावून बसलेला भाडेकरू, वाट बघत बसलेला मालक, की ते कुटुंब? नवा कायदा फक्त तिसऱ्याकडे बोट दाखवील.

घरं रिकामी का राहतात हा प्रश्न या वादात कुणी विचारत नाही, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांत सुमारे १ कोटी ११ लाख घरं रिकामी आढळली. रिकाम्या शहरी घरांत महाराष्ट्र सगळ्यात पुढे, जवळपास २० लाख. त्याच सुमारास, २०१२ साली, सरकारच्या तज्ज्ञ गटाने शहरांतला घरांचा तुटवडा १ कोटी ८७ लाखांच्या वर काढला होता. २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीने घरं रिकामी राहण्याची कारणं सांगितली, ती वाचताना मला आपलं कोर्टच डोळ्यांपुढे आलं: मालमत्तेचे हक्क स्पष्ट नाहीत, करार पाळायला लावणारी यंत्रणा कमकुवत आहे, आणि भाड्यातून मिळणारा परतावा कमी आहे. तुम्ही फ्लॅट तीन वर्षं भाड्याने का दिला नाहीत? मी अंदाज करते: दिला तर परत मिळेल का, ही भीती. म्हणजे ज्या भीतीपोटी तुम्ही घर रिकामं ठेवलंत, त्या रिकामेपणामुळेच आता दुसरी भीती आली आहे.

इंग्लंडचं उदाहरण देणारे त्याची दुसरी बाजू सांगत नाहीत. एप्रिल २०१३ पासून तिथल्या स्थानिक संस्थांना दोन वर्षांहून जास्त रिकाम्या घरावर निम्मा जादा कर लावता येऊ लागला. पुढे एकूण कर नेहमीच्या दुप्पट झाला, दहा वर्षांहून जास्त रिकाम्या घराला चौपटीपर्यंत गेला, आणि २०२४ पासून एका वर्षाच्या रिकामेपणानंतरच दुप्पट लावायची मुभा मिळाली. इथे असं काही सुचवणं सोपं नाही, मला माहीत आहे. २०१८ साली मोकळ्या जागांवरच्या करवाढीवरून नाशकात केवढं रान उठलं होतं ते सगळ्यांना आठवत असेल. तरीही गुंतवणूक म्हणून घेतलेले दोन-दोन, तीन-तीन फ्लॅट वर्षानुवर्षं बंद ठेवणाऱ्यावर काही भार पडावा, असं मी उघडपणे म्हणते. रस्ता, पाणी, ड्रेनेज त्याच्या बंद दारापर्यंत सगळ्यांच्या पैशातून गेलंय.

आणि मालकांना हवंय काय? माणसाला तुरुंगात टाकणं हवंय असं मला कुणी मनापासून सांगितलेलं नाही. त्यांना घर परत हवंय, आपल्या हयातीत. त्यासाठी लागणारा कायदा बराचसा आहे; लागते ती वेगाने निकाल देणारी माणसं. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक काळ राहण्याच्या परवाना-कराराची, मुदत संपली की सरकारने नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. लेखी करारातला मजकूर तिथे निर्णायक पुरावा मानला जातो, समोरच्याला बचाव करायला आधी परवानगी मागावी लागते, आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाचं (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट) कलम ६ तर त्याहून सोपं आहे: कायद्याची वाट सोडून कुणी तुमचा ताबा काढून घेतला, तर सहा महिन्यांत दावा लावा, मालकी कुणाची हे कोर्ट बघत नाही, ताबा कुणाचा होता एवढंच बघतं, आणि त्या निकालावर अपील नाही. एवढ्या छोट्या मुद्द्याचा दावाही वर्षानुवर्षं चालतो, ही आपली खरी शोकांतिका आहे. न्यायाधीशांच्या रिकाम्या जागा भरा, कोर्टाचे हुकूम बजावणारे बेलिफ वाढवा, ताब्याच्या दाव्यांना ठरलेल्या मुदतीत निकाल द्या. नव्या गुन्ह्याची घोषणा करायला एक दिवस पुरतो, आणि हे करायला पैसा आणि वर्षं लागतात. म्हणूनच आपल्याला पहिलं मिळतं.

आता तुमच्या फ्लॅटचं. तीन वर्षं बंद आहे म्हणून हक्क गेला, असं काही होत नाही. बारा वर्षं ताबा ठेवला की घर त्याचंच होतं, ही जी गोष्ट लोक सांगतात ती मुदत अधिनियमाच्या अनुच्छेद ६५ मधली. त्यासाठी समोरच्याचा ताबा उघड, सलग आणि तुमच्या मालकीला आव्हान देणारा असावा लागतो, आणि ते सिद्ध करण्याची जबाबदारी त्याची. परवानगीने राहणारा भाडेकरू कितीही वर्षं राहिला तरी केवळ राहण्याने मालक होत नाही. राखणदार, नोकर, काळजीवाहू यांना नुसत्या दीर्घ ताब्याने हक्क मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्पष्ट केलंय.

घरपट्टी, वीजबिल आणि सोसायटीचा मेंटेनन्स तुमच्या नावाने चालू ठेवा आणि पावत्या जपा. किल्ली विश्वासातल्या शेजाऱ्याकडे द्या, नाशकात आलात की घरात जाऊन या. कुलूप बदललेलं दिसलं तर त्याच दिवशी लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. वादामुळे शांतताभंगाची भीती असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम १६४ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि तिथे मागच्या दोन महिन्यांतच ताबा गेलेला असेल तर तो तुमच्याकडेच होता असं धरता येतं. वाट बघण्यात लोक हा काळ घालवतात. आणि माझं ऐकाल तर फ्लॅट भाड्याने द्या. करार नोंदवूनच द्या. नोंदणी करून घेणं ही कायद्याने मालकाचीच जबाबदारी आहे, आणि कलम २४ चा खरा फायदाही त्यातच आहे.

राहिली शेजारच्या इमारतीतली कुटुंबं. पेठ, सुरगाणा, हरसूलकडची माणसं पावसाळ्यानंतर नाशकात उतरतात, कुणी द्राक्षबागेत छाटणीला आणि पुढे खुड्याला, कुणी बांधकामावर. अर्धवट इमारतीत ती बहुधा ठेकेदाराच्या किंवा मुकादमाच्या सांगण्यावरूनच राहतात. रेती, सळया, सिमेंट सांभाळायला बिल्डरला ती हवीच असतात. तसं असेल तर ती परवानगीने राहताहेत, आणि तुमच्या सोसायटीच्या तक्रारीला आधारच उरत नाही. ती जागा सोसायटीच्या ताब्यात नाही. तुमच्या कुलूपबंद फ्लॅटवर त्यांचा डोळा आहे असं तुमच्या प्रश्नात एका शब्दानेही कुठे आलेलं नाही. आलंय ते एवढंच की ती गरीब आहेत आणि जवळ आहेत.

तेव्हा सोसायटीच्या सभेत तुम्ही फोनवरून का होईना, हजर राहा आणि गुन्ह्याच्या ठरावाला विरोध करा. त्याऐवजी बिल्डरला लेखी पत्र द्यायला सांगा: मजुरांची नोंद आहे का, पाणी आणि शौचालयाची सोय आहे का, उघड्या जिन्याला आणि लिफ्टच्या खड्ड्याला आडोसा आहे का. मजुरांची लहान मुलं त्या खड्ड्याभोवती खेळत असणार, आणि सोसायटीला तक्रारच करायची असेल तर ती आधी त्याची करावी. प्रत महापालिकेच्या विभागीय कार्यालयाला आणि कामगार उपायुक्तांना पाठवा. पत्राचा मसुदा हवा असेल तर खाली लिहा, मी करून देईन.